पाटीत वर मोठे, खाली बारीक

मागच्या रविवारी अंभोऱ्याला गेलो होतो, मी, ताई, भाऊजी आणि त्यांची दोन पोरं. नागपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको, अंभोरा म्हणजे केबलचा नवा पूल पाहायचा, पूल पाहून झाला की चैतन्येश्वराचं दर्शन, आणि दर्शन झालं की काठावर बसून मासोळी-भात. देव वर टेकडीवर आणि मासोळी खाली, त्यामुळे कोणालाच काही वाटत नाही. भाऊजींनी बसता बसताच ऑर्डर सोडली, झिंगे आहेत का, पण वैनगंगेचेच पाहिजेत हं. तिथले काका हसले. म्हणाले, "साहेब, खोटं कायले बोलू, मासोळी इथलीच हाय, झिंगे मातर नागपूरहून आणतो. भोईपुऱ्यातून."

म्हणजे नागपूरच्याच मासळीबाजारातले झिंगे खायला आम्ही सत्तरेक किलोमीटर गाडी हाणत कुही तालुक्यात आलो होतो. भाऊजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सगळे हसले, मीही हसले, आणि मग ताईने ते वाक्य टाकलंच, "हिला विचारा ना, हिने वर्षभर झिंगेच मोजले ना तिकडे."

वर्षभर नाही, अकरा महिने. पण हो, मोजले.

झालं असं की नागपुरात झूऑलॉजीत एम.एस्सी. केली, पुढे काय करायचं ते कळत नव्हतं, तेवढ्यात कोकणातल्या एका बंदरावर फिल्ड असिस्टंट पाहिजे अशी जाहिरात दिसली, काम काय तर बोटींवरून उतरणाऱ्या कोळंबीची मापं घ्यायची आणि नोंदी करायच्या. फॉर्म भरला, आणि झालं की हो. आईला वाटलं पोरगी सायंटिस्ट झाली. आजी म्हणाली मोजून झाल्यावर खायला देतात का. समुद्र मी तोवर शाळेच्या सहलीत एकदाच पाहिला होता.

पहिला आठवडा गेला नुसता भाषा शिकण्यात. आपल्याकडे कसं, सगळ्याला झिंगा. मोठा असला तरी झिंगा, वाळलेला बारीक असला तरी झिंगा. तिकडे झिंगा म्हटलं की लोक माझ्याकडे बघायचे. तिकडे जवळा वेगळा, करंदी वेगळी, कोळंबी वेगळी, सोलून वाळवली की सोडे. आणि मग एक दिवस जेटीच्या मागे वाळत घातलेला जवळा पाहिला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला, अरे हे तर आपल्या आठवडी बाजारातले झिंगे, आई वांग्यात टाकते ते! लहानपणापासून झिंगे-वांगे खाल्लं आणि मला वाटायचं ही कोणाची तरी पिल्लं असतील, मोठी व्हायच्या आधीच वाळवून टाकलेली. पिल्लं नाहीत ती. जवळा हा पूर्ण वाढलेलाच तेवढा असतो, फार तर चार सेंटीमीटर, अ‍ॅसेटेस इंडिकस त्याचं शास्त्रीय नाव, अंगाने काचेसारखा आरपार दिसणारा. तो डोल जाळ्यात सापडतो. डोल म्हणजे मोठी पिशवीच असते जाळ्याची, खांबांना किंवा नांगराला बांधून भरती-ओहोटीच्या धारेत तोंड उघडं ठेवून सोडायची, पाणी आरपार जातं आणि जवळा आत राहतो. बोंबील ह्याच जवळ्यावर जगतो. म्हणजे जवळा कमी झाला की बोंबलाचीही पंचाईत. माझ्या आईच्या वांग्यात काय काय शिरलेलं आहे हे मला एम.एस्सी. होऊन कळलं.

आता मोजायचे कसे, हा प्रश्न मला अजूनही लोक विचारतात, समुद्रात उतरून मोजता का वगैरे. समुद्रातली कोळंबी कोणीच मोजू शकत नाही. तुम्ही मोजता ती कोळी लोकांनी पकडून आणलेली कोळंबी, आणि त्यावरून पाण्यात काय शिल्लक असेल त्याचा अंदाज बांधता. म्हणजे घरात किती तांदूळ आहे ते डब्यात न बघता रोज ताटात किती भात पडतो त्यावरून ठरवायचं. कोचीला केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्था आहे, १९४७ ची, त्यांची माणसं देशभरच्या किनाऱ्यावर हेच करतात, सगळ्या बोटी बघणं शक्य नाही म्हणून नमुन्याला काही बंदरं, काही दिवस आणि त्या दिवशीच्या काही बोटी निवडायच्या, आणि त्यावरून सगळ्याचा हिशोब लावायचा.

नुसतं वजन लिहून भागत नाही पण. समजा एक बोट शंभर किलो कोळंबी घेऊन आली आणि पुढच्या वर्षीही शंभर किलोच आणली, तर वाटतं सगळं ठीक आहे. पण पहिल्या वर्षी तिने दहा तास जाळं ओढलं आणि दुसऱ्या वर्षी तीस तास ओढलं असेल तर? म्हणून तांडेलाला विचारायचं, किती वेळा जाळं टाकलं, प्रत्येक वेळी किती तास ओढलं, किती वाव (पाण्याची खोली वावात सांगतात) पाण्यात. तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. तो चार-पाच दिवस समुद्रावरून येऊन झोपेला आलेला असतो, आणि समोर ही नागपूरची बया वही घेऊन उभी. सुरुवातीला उत्तरं अशी यायची, "टाकला असेल आठ-दहा वेळा, लिहून टाक काहीतरी." मी लिहूनही टाकायचे. मग एकाने सांगितलं, डिझेल किती जाळलं ते विचार, ते कोणी विसरत नाही. खरंच होतं ते. डिझेलवरून तासांचा अंदाज येतो आणि डिझेलबद्दल माणूस कितीही दमलेला असला तरी मन मोकळं करतो, पार सरकारपर्यंत जातो.

मापाचं काम मला आवडायचं. हातात व्हर्नियर कॅलिपर, समोर बर्फातली कोळंबी. पूर्ण लांबी घेऊन उपयोग नाही कारण डोक्यावरचा तो करवतीसारखा काटा जाळ्यात नाहीतर बर्फात मोडलेला असतो, म्हणून डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीवरचं कवच संपतं तिथपर्यंतचं माप घ्यायचं. मग उलटी करायची, नर की मादी ते पोटाकडून कळतं. मादी असली की परत सुलटी करून उजेडात धरायची, पाठीच्या मधोमध हिरवट पट्टा दिसतो का बघायचं. आपण कोळंबी साफ करताना जो काळा दोरा काढतो ती आतडी, हा पट्टा वेगळा, हा अंडाशय. जितका जाड आणि गडद हिरवा तितकी अंडी तयार. बोटं बर्फाने बधिर व्हायची आणि काट्याने टोचायचं ते दुपारी कळायचं, मीठ लागलं की. वास तर घरी आल्यावर महिनाभर गेला नाही असं ताई म्हणते, ती जरा वाढवून सांगते.

तर तिसऱ्या महिन्यात मी एक माती खाल्ली. सलग तीन आठवड्यांचं माझं सरासरी माप वाढत वाढत चाललेलं, मी खूश, म्हटलं वा, कोळंबी भराभर वाढतेय, सरांना ग्राफ पाठवला. सरांचा फोन, की बाकीच्या कुठल्याच बंदरावर असं दिसत नाहीये, तू नमुना घेतेस कसा ते सांग. मी म्हटलं लिलावाच्या पाटीतूनच, म्हणजे टोपलीतूनच घेते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, म्हणाले उद्या नीट बघ. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी पाटीतून कोळंबी उचलत होते, तर शेजारी मासळी निवडत बसलेली एक म्हातारी कोळीण, जी इतके दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "बाय, वरची काय मोजतेस? वर मोठी ठेवतात गो. खाली हात घाल."

इतकं साधं. लिलावात भाव चांगला यावा म्हणून पाटीत मोठी वर रचतात, बारीक खाली, आपल्याकडे संत्र्याच्या ढिगात करतात तेच. कळमन्याच्या संत्र्यांत जन्म गेला माझा आणि मला हे सुचलं नाही. तीन आठवड्यांच्या नोंदी कचऱ्यात. त्यानंतर मी लिलावाआधी, माल निवडायच्या आधीच नमुना घ्यायला लागले, म्हणजे पहाटे साडेतीनला उठणं आलं. ती म्हातारी मग रोज चहा द्यायची.

एवढी मापं घेण्याचं कारण असं की कोळंबीचं वय कळत नाही. माशाच्या कानात एक बारीक हाड असतं, खवल्यांवर रेषा असतात, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारख्या, त्यावरून वय काढता येतं. कोळंबी मात्र वाढताना कवचच टाकून देते, जुनं सगळं सोडून नवं कवच, वयाचा पुरावाच फेकून देते बयो. त्यामुळे एकच मार्ग, दर महिन्याला शेकडो मापं घ्यायची आणि कोणत्या मापाची किती आली ह्याचा आलेख काढायचा. त्यात एक उंचवटा दिसतो. पुढच्या महिन्यात तो उंचवटा थोडा उजवीकडे सरकलेला, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. तो सरकतो त्या वेगाने कोळंबी वाढतेय. डॅनियल पॉली नावाच्या शास्त्रज्ञाने उष्ण समुद्रातल्या जीवांसाठी ह्यावर कॉम्प्युटरची पद्धत बसवली, एलिफॅन म्हणतात तिला, आम्ही तीच वापरायचो. उंचवटा सरकत सरकत जातो आणि मग एके दिवशी नाहीसाच होतो. कारण किनाऱ्याजवळची ही बरीचशी कोळंबी जगतेच जेमतेम वर्ष-दीड वर्ष.

मला ह्या एका गोष्टीने सगळं वेगळं दिसायला लागलं. वीस-वीस वर्षं जगणारा मासा म्हणजे बँकेतली एफडी, यंदा पिल्लं कमी झाली तरी जुने आहेत. कोळंबी म्हणजे सोयाबीन. दरवर्षी नव्याने पेरायचं, दरवर्षी नव्याने कापायचं, मागच्या वर्षीचं काही शिल्लक नाही. एक मादी लाखांनी अंडी सोडते, तीही पाण्यात सोडून देते, पोटाशी वगैरे धरत नाही, दिवसाच्या आत ती फुटतात, मग दोन-तीन आठवडे ती पिल्लं इतकी रूपं बदलतात की ओळखू येत नाहीत, आणि मग ती किनाऱ्याकडे निघतात, खाडीत, खारफुटीच्या मुळांत, गढूळ उथळ निमखाऱ्या पाण्यात. तिथे काही महिने वाढायचं आणि परत समुद्रात. म्हणजे यंदा किती कोळंबी येणार हे मागच्या वर्षी किती माद्या उरल्या ह्यावर जितकं ठरतं त्याहून जास्त पाऊस कसा पडला, खाडी कशी आहे, आत जायचा रस्ता मोकळा आहे का ह्यावर ठरतं.

आणि आपण सगळी चर्चा करतो ती बोटींची. बोटींचा दोष नाही असं म्हणत नाहीये मी. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं आणि कोळंबीबरोबर जे काही वर येतं ते मी डोळ्याने पाहिलंय, बोटाएवढे मासे, बाळ खेकडे, सगळं ढीग करून फिशमीलला. म्हणूनच जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चाळीस मिलिमीटरची चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, लावा म्हणतात, कारण नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस ओढ बसली की मिटते आणि बारीक पिल्लं अडकतात, चौकोनी आस ओढ बसली तरी उघडी राहते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते तीही गरजेचीच. कासवाचंही तसंच आहे, कासव बाहेर पडायला जाळ्यात सळ्यांची जाळी आणि झडप लावायची असते, कोळंबी सळ्यांमधून आत जाते आणि कासव झडपेतून बाहेर. भारतीय ट्रॉलरवर ती नसते म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणं बंद केलंय, तळ्यातली घेतात. मी एका नाखव्याला, म्हणजे बोटीच्या मालकाला, विचारलं होतं लावत का नाही. तो म्हणाला, "कासव वर्षातनं एकदा येईल, त्या झडपेतनं माझी मोठी मासळी रोज जाईल, ती तू भरून देशील काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी डिझेलचं विचारून पुढे गेले. त्याचं म्हणणं पटलं नाही मला, पण हप्ता त्याच्या बोटीवर होता, माझ्या वहीवर नव्हता.

पण नुसती बोट थांबवली की झिंगा परत येतो असंही नाही. अमेरिकेत गल्फ ऑफ मेन म्हणून थंड पाण्याचा भाग आहे, तिथल्या कोळंबीची धंद्याची मासेमारी २०१४ पासून बंद ठेवली, तरी ती सावरली नाही, कारण पाणीच गरम होत चाललंय आणि तिला थंड पाणी लागतं. बोटी बंदरात बांधून ठेवल्या आणि तरी जाळ्यात यायला कोणी नाही.

आता परत अंभोऱ्याला या. भाऊजींना जो वैनगंगेचा झिंगा पाहिजे होता तो कोकणातल्या कोळंबीचा लांबचा नातलग, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, गोदावरीच्या खोऱ्यातला नदीतला झिंगा. ह्याची मादी अंडी पोटाखाली धरून ठेवते, कोंबडीसारखी जपते. राहतो गोड्या पाण्यात, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस निमखारं पाणी लागतं म्हणजे लागतंच, नाहीतर ती जगत नाहीत. आता नकाशा काढा. अंभोऱ्याहून वैनगंगा खाली जाते, वर्धा येऊन मिळाली की तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, मग भद्राचलम, मग पापीकोंडांच्या डोंगरातून राजमहेंद्री आणि मग कुठे समुद्र. पावसाळ्याच्या पुरात पिल्लं तिथवर वाहत जायची आणि मोठी होता होता उलट्या धारेला लागून, दगड धरत, काठाकाठाने परत वर यायची. बोटाएवढा जीव, आणि आंध्रातून पायी पायी विदर्भात.

रस्त्यात आता मोजा काय काय आहे. सगळ्यात खाली धवलेश्वरम, तिथे आर्थर कॉटनचा बांध १८५२ पासूनच होता, पण तो बुटका, मोठ्या पुरात पाणी वरून जायचं. आता तिथे दारांचं बॅरेज आहे. त्याच्या वर पोलावरम धरणाचं काम. त्याच्याही वर सिरोंच्याच्या अंगाला मेडीगड्डा बॅरेज, २०१९ मध्ये सुरू झालं, २०२३ मध्ये त्याचे खांब खचले ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आणि सगळं ओलांडून एखादा झिंगा आलाच, तर पवनीजवळ गोसीखुर्दची ३३ दारं. राजीव गांधींनी १९८८ मध्ये भूमिपूजन केलेलं. अंभोरा हे ह्या धरणाच्या वर, त्याच्याच साठलेल्या पाण्याच्या काठावर, आम्ही ज्या पाण्याकडे बघत जेवत होतो ती नदी नाही, तलाव आहे. त्यात नागपूरचं काय काय येतं ते वेगळंच, नाग नदी कन्हानला आणि कन्हान तिथेच वैनगंगेला. भाऊजींना एवढं सांगितलं नाही, ते जेवत होते.

काकांना मी जेवण झाल्यावर विचारलं, आधी मिळायचे का इथे. ते ढिवर समाजाचे, त्यांचे वडील नदीवरच असायचे. त्यांनी हाताचा पंजा पसरून कोपरापर्यंत दाखवला, "नांग्यासकट एवढा. बाबा एका रातीत टोपलं भरून आणत. तवा कोणी इकत नव्हतं, घरीच खाऊ." मग म्हणाले धरणात आता कटला-रोहूचं बी सोडतात, सोसायटीला ठेका असतो, पोट भरते. झिंग्याचं बी पण सोडून पाहिलं म्हणतात कुठे कुठे. सोडलेलं वाढतं, तळ्यात वाढतं, पण त्याची पुढची पिढी होणार कशी, खारं पाणी कुठून आणणार, म्हणजे दरवर्षी बी विकत. हे मी बोलले तर काका म्हणाले, "मंग सोयाबीनसारखंच झालं ना ताई." माझी उपमा त्यांनी मला न विचारता वापरली.

त्यांच्या वडिलांच्या काळच्या टोपल्याची नोंद कोणत्याच वहीत नाही ह्याचं मला फार वाटत राहिलं. किती टोपली, किती रात्री, कोणत्या महिन्यात, मादी किती. नोंद असती तर ग्राफ काढता आला असता, आता नुसता कोपरापर्यंतचा हात आहे.

काल शेवटी भोईपुऱ्यात गेले. थर्माकोलचे डबे, बर्फ, पाण्याचा चिखल, सगळं ओळखीचं, फक्त समुद्र नाही. झिंग्याच्या ढिगातला एक उचलून सवयीने उलटा केला, पोटाखाली अंडी आहेत का बघायला. नसणारच, तो व्हॅनामेई जातीचा, तळ्यात वाढवलेला, आणि त्याची जात अंडी पोटाशी धरणारी नाहीच, हे मला उचलायच्या आधीच दिसत होतं, तरी हात गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, घेता का नुसतं पाहता?"

कुठला माल म्हणून विचारलं. "आंध्राचा, भीमावरम." भीमावरम म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळचा सखल प्रदेश, जवळपास जिथून वैनगंगेच्या झिंग्याने वर यायला निघायचं ते ठिकाण. रात्री ट्रकने निघतो, म्हणाला, बर्फात, धरणं-बिरणं काही मध्ये येत नाहीत ते मी मनात म्हटलं.

अर्धा किलो सांगितला. त्याने वरून हात घातला. म्हटलं भाऊ, वरचे नको, खालून काढा.